विचारा बिनधास्त : रीडिंग कमी का येतंय?

प्रश्न : सर, मी नाशिकरोडला राहते, एम.एस्सी. अ‍ॅनालिटिकलला आहे. फ्लुरोमीटरवर (पदार्थावर प्रकाश टाकून त्याची चमक मोजणारं मशीन) टॉनिक वॉटरमधलं क्विनाईन (मलेरियावरचं कडू औषध) मोजायचं प्रॅक्टिकल होतं. ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५००) स्टॉकचं, म्हणजे मूळच्या दाट द्रावणाचं, रीडिंग १० पीपीएमपेक्षाही कमी आलं, मशीन बिघडलंय का? शिवाय सल्फ्युरिक संपलं म्हणून सॅम्पल हायड्रोक्लोरिकमध्ये पातळ केलं तर उत्तर फारच कमी निघालं. अ‍ॅसिड तर अ‍ॅसिडच ना? आणि एवढा खटाटोप कशाला, सरळ यूव्हीवर (किती अतिनील प्रकाश शोषला गेला ते मोजणारं मशीन) का नाही घेत?

उत्तर : मशीनला उगाच बोल लावू नकोस, ते बरोबर सांगतंय. तो ५०० पीपीएमचा फ्लास्क उन्हात धर आणि नीट बघ, निळी झाक फक्त ऊन लागतं त्या बाजूच्या पातळ थरात दिसेल, आत काही नाही. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४५ मध्ये क्विनाईनच्या द्रावणात हेच पाहिलं होतं आणि अतिनील प्रकाश शोषला जाऊन जास्त तरंगलांबीचा होऊन बाहेर पडतो हे जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवलं. तुझ्या क्युव्हेटमध्येही (सॅम्पल ठेवायची चौकोनी पारदर्शक नळी) तेच झालंय, मशीनने टाकलेला ३५० नॅनोमीटरचा सगळा प्रकाश पुढच्याच थराने खाऊन टाकला आणि डिटेक्टर बघतो काटकोनातून, क्युव्हेटच्या मधोमध, तिथे काही पोचलंच नाही तर ४५० ला, जिथे क्विनाईनची चमक येते, तिथे दिसणार काय? याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात.

म्हणून स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेली द्रावणं) ०.१ ते १ पीपीएममध्ये ठेवायची. साधारण नियम असा की एक्सायटेशनच्या, म्हणजे आपण टाकतो त्या प्रकाशाच्या, तरंगलांबीला अ‍ॅब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला त्याचं माप) ०.०५ च्या आत हवा, त्याच्यावर गेलं की ग्राफ वाकायला लागतो. टॉनिक वॉटरमध्ये अमेरिकेत क्विनाईनची मर्यादा ८३ पीपीएम आहे, तेव्हा १ मिली घेऊन १०० मिली केलं की आपण बरोबर त्या रेंजमध्ये येतो. शंका आलीच तर तेच सॅम्पल निम्मं पातळ करून परत बघ, रीडिंगही निम्मं झालं तर बिनधास्त पुढे जा, निम्म्याहून जास्त राहिलं किंवा उलट वाढलं तर अजून पातळ कर. ही तपासणी मुलं करतच नाहीत, जर्नलमध्ये सरळ रेष मारून मोकळी होतात.

आता अ‍ॅसिडचं. नाही, अ‍ॅसिड म्हणजे अ‍ॅसिड असं इथे चालत नाही. घोळ क्लोराईडचा आहे. उत्तेजित झालेला क्विनाईनचा रेणू प्रकाश टाकायच्या आत क्लोराईड आयन त्याला येऊन धडकला की ती ऊर्जा प्रकाश न होता उष्णता होऊन जाते. क्विनाईन तेवढंच आहे, चमक मात्र गेली. तुझी स्टँडर्ड सल्फ्युरिकमध्ये आणि सॅम्पल हायड्रोक्लोरिकमध्ये, मग उत्तर कमी येणारच! दोन्ही हायड्रोक्लोरिकमध्ये असती तर हिशोब कदाचित जुळला असता, पण सेन्सिटिव्हिटी पार गेली असती. ०.०५ मोलर सल्फ्युरिकच वापर, म्हणजे लिटरला साधारण २.८ मिली कॉन्सन्ट्रेटेड, आणि अ‍ॅसिड पाण्यात, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही (हे मी मरेपर्यंत सांगणार). याच कारणाने मलेरियाच्या पेशंटच्या लघवीतलं क्विनाईन मोजताना जपावं लागतं, लघवीत मीठ भरपूर असतं. तिथे स्टँडर्ड अ‍ॅडिशन करतात, सॅम्पलमध्येच ठरावीक क्विनाईन घालत जायचं आणि रीडिंग कितीने वाढतं त्यावरून मूळचं काढायचं, म्हणजे जी काय चमक मरायची ती दोघांचीही सारखीच मरते.

यूव्ही का नाही? यूव्हीवर आपण दोन झगझगीत उजेडांमधला बारीकसा फरक मोजत असतो, फ्लुरोमीटरवर काळोखातला उजेड. गोदाघाटावर भर दुपारी सोडलेला दिवा कुणाला दिसतो? तोच रात्री पार पलीकडून दिसतो. म्हणून अगदी थोडं औषध असलं की हीच पद्धत कामाला येते, अर्थात ते औषध मुळात चमकणारं पाहिजे, सगळी चमकत नाहीत.

बारीकसारीक : टॉनिक वॉटरचा गॅस आधी काढ, बुडबुड्यांनी प्रकाश विखुरतो. क्युव्हेट चारही बाजूंनी स्वच्छ असलेलीच घे, यूव्हीवाली दोन बाजूंनी घासलेली चालत नाही, आणि बोटं वरच्या कडेलाच लाव. ब्लँकमध्ये (क्विनाईन न घातलेलं द्रावण) ३९७ नॅनोमीटरच्या आसपास छोटासा पीक दिसला तर घाबरू नकोस, ती पाण्याची रामन लाईन आहे, म्हणजे पाण्याने स्वतःच विखुरलेला प्रकाश.

प्रश्न : सातपूरहून लिहितोय. नोटा तपासायच्या टॉर्चखाली मुलाने टॉनिक वॉटर चमकवून दाखवलं. त्या चमकेवरून घरीच प्रमाण मोजता येईल का?

उत्तर : नाही हो, मोजता नाही येणार, फार तर दोन ग्लासांतला फरक कळेल, तोही ढोबळच. स्वस्तातले टॉर्च बरेचदा ३९५ नॅनोमीटरचे असतात, तिथे क्विनाईन फारसं शोषत नाही, ३६५ वाला मिळाला तर चमक जोरात दिसते. पण एक गंमत नक्की करा. दोन ग्लास भरा, गॅस जाऊ द्या, एकात चमचाभर मीठ विरघळवा आणि खोलीत अंधार करून टॉर्च मारा. मीठवाला ग्लास फिका पडलेला दिसेल, वरच्या उत्तरात सांगितलंय तेच कारण. टॉर्च कुणाच्या डोळ्यांत मारू देऊ नका, आणि तो ग्लास मात्र बेसिनमध्ये ओता, पिऊ नका.