शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत शेती कशाला शिकवायची?

मुलगा नववीत आहे, शाळेत शेतीचा विषय सुरू होतोय आणि ‘जे रोज वावरात दिसतं तेच शाळेत शिकून काय मिळणार’, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. खुरपणीच शिकवणार असतील, तर तुमची शंका रास्त आहे. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला गुरुजींच्या परसातलं गवत काढायला लावायचे. शेती ही शिक्षा असते, एवढंच त्यातून कळलं.

घरी सहसा होत नाही ते शाळेनं करावं, म्हणजे मोजावं. एप्रिलमध्ये मी लेकरांना घरचं सोयाबीनचं बी मूठभर आणायला सांगतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. मागं एका मुलीची गुंडाळी सातव्या दिवशी उघडली, तर धड मोड ६१. बाकीचे दाणे बुळबुळीत, काहींचं साल फाटलेलं. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर त्याच्या लगेच खाली. मळणीयंत्र जोरात फिरवलं किंवा पोतं वरून आदळलं की दाणा दिसतो चांगला, पण उगवत नाही.

तिचे वडील म्हणाले, “पाऊस पडला की सगळं उगवतंय.” आम्ही वर्गात व्यस्त प्रमाण मांडलं. उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो, मग ६१ असेल तर? साधारण साडेचौतीस. वहीचं ते पान घरी गेलं आणि पेरणीला त्यांनी ३५ किलो धरलं. पुढच्या सुगीत पोती उतरवताना पोरीनं गड्यालाच हटकलं म्हणे, “आदळू नका, बियाचं हाय!”

पुढच्या वाटा आहेतच. दहावीनंतर कृषी पदविका, बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन चार वर्षांचं बीएस्सी अ‍ॅग्री. (नुसतं स्पर्धा परीक्षेसाठी अ‍ॅग्री घेणारेही बरेच असतात, ते वेगळं.) परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. वर्धापनदिनाला तिथं खरिपाचं बियाणं विकायला असतं. मुलाला सोबत न्या, बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ ही तुरीची जात दाखवा आणि आपल्या तुरीपेक्षा किती दिवस आधी निघते, ते त्यालाच विचारू द्या.

शाळेत चौकशी करताना एवढंच विचारा, की पोरांच्या वहीत काय असणार? नुसते उतरवलेले धडे असतील तर राहू द्या. पावसाचे मिलिमीटर आणि उगवणीचे आकडे असतील तर बिनधास्त नाव घाला.