आधी वही, मग पिशवी

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पूर ओसरलेल्या भागात तीन आठवडे मदतीला जायचं नक्की झालंय आणि सोबत काय न्यावं, असं विचारलंयस. पिशवीचं पुढे बघू. आधी पुठ्ठ्याच्या बांधणीची दोनशे पानी वही घे, आणि दोन शिसपेन्सिली. ओल्या कागदावर शाई फुटते, आणि फोनची बॅटरी नेमकी गरजेच्या दिवशी मान टाकते.

पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं लिही. तिथून नेमकं कोणी बोलावलंय? काम काय, म्हणजे किती वाजता कुठे उभं राहून काय करायचंय? आणि आपलं राहणं-खाणं कोणाच्या डोक्यावर? तिसऱ्याचं उत्तर ‘गेल्यावर होईल काहीतरी’ असं आलं, तर जाणं आठवडाभर पुढे ढकल. पिणं, स्वयंपाक आणि अंघोळ-धुणं धरून माणशी दिवसाला निदान 15 लिटर पाणी लागतं. तुझे 15 लिटरही तिथल्याच टाकीतून जाणार आहेत, हे लक्षात असू दे.

निघायच्या आठवड्यात ओळखीपाळखीचे लोक जुन्या कपड्यांची गाठोडी आणून देतील. गोड बोलून नाही म्हण. गाठोड्यातून एका पायाचा बूट निघतो, बटणं तुटलेले शर्ट निघतात. ते निवडायला माणसं लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते, आणि पुरानंतर कोरड्या जागेइतकं दुर्मीळ काही नसतं. 2004च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीनंतर न मागितलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग गावोगाव भिजत पडले होते. बाजार चालू असेल तिथे रोख रक्कम सगळ्यात सोयीची. औषध हवं असलेला औषध घेतो, पत्रा हवा असलेला पत्रा. बाजारच बंद असेल, तर वस्तू. यातलं काय खरं, ते तिथल्या माणसाला फोन करून विचार.

आता पिशवी. वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6-7 किलो. लवकर वाळणारे तीन जोड कपडे, मोज्यांचे चार जोड, डोक्याला बांधायचा दिवा आणि त्याचे जादा सेल, पाण्याच्या दोन बाटल्या, रबरी गमबूट. रोजची औषधं असतील तर सगळ्या दिवसांची घे आणि वर आठवडाभराची जादा, कारण रस्ता बंद झाला तर परतीची तारीख तुझ्या हातात राहत नाही. ओळखपत्राच्या दोन प्रती, एक पिशवीत आणि एक अंगावर. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 10 वर्षं उलटली असतील तर जाण्याआधी घे. जखम मातीने मळलेली असेल तर डॉक्टर 5 वर्षांचाच हिशेब धरतात. पायाला चीर असेल तर पुराच्या पाण्यात उतरूच नकोस. आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग की पुराच्या पाण्यात काम केलंय. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या रोगाचा, ताप सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो. हे एक वाक्य सांगितलं नाही तर निदानात दिवस जातात.

नव्या माणसाच्या गळ्यात बहुधा पाण्याचं काम पडतं, कारण ते सोपं वाटतं. सोपं आहेही, पण मोजून केलं तर. ब्लीचिंग पावडरच्या ताज्या पुड्यात साधारण 30 टक्के क्लोरीन असतो. हातमोजे घालून, उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन 1 लिटर पाण्यात 33 ग्रॅम पावडर कालव. चुना तळाशी बसू दे आणि वरची निवळ प्लॅस्टिकच्या बाटलीत ओत. धातूचं भांडं नको, ते गंजतं आणि क्लोरीनही वाया जातो. हे झालं 1 टक्क्याचं द्रावण. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम क्लोरीन. 20 लिटरच्या बादलीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम द्यायचे म्हणजे 40 मिलिग्रॅम, म्हणजेच 4 मिलिलिटर. सुई काढलेल्या सिरिंजने मोज, चमच्याने नको; दोन घरचे चमचे सारखे नसतात. ढवळ, झाकण लाव आणि घड्याळ बघून 30 मिनिटं थांब. मग नमुन्यात डीपीडीची गोळी टाक; पाण्यात किती क्लोरीन उरलाय ते ती रंगाने दाखवते. पाणी गुलाबी होईल. तो रंग तक्त्याशी ताडून लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅमच्या मध्ये बसला की पाणी प्यायला द्यायचं.

रंगच आला नाही, तर दोनच शक्यता. एक, पाणी गढूळ होतं आणि गाळानेच क्लोरीन खाऊन टाकला. अशा वेळी डोस वाढवण्याआधी पाणी रात्रभर निवळू दे, चारपदरी कापडातून गाळ, आणि मग परत मोजून टाक. दुसरी, पावडर शिळी. पुडा उघडा राहिला, ओल लागली, उन्हात पडला की त्यातला जोर झपाट्याने उतरतो. वजन मात्र तेवढंच भरतं, म्हणून फसगत होते. पुडा उघडल्याची तारीख वहीत लिही आणि द्रावण रोजच्या रोज ताजं कर.

याच्या उलट चूकही नेहमीची. खबरदारी म्हणून कोणीतरी दुप्पट पावडर ओततं. पाण्याला उग्र वास येतो, लोक चूळ भरून थुंकतात आणि मुकाट्याने जुन्या विहिरीकडे वळतात. कागदावर पाणी शुद्ध आणि घराघरांत जुलाब, असं होतं ते यामुळे. जुलाब लागलेल्याला ओआरएसचं पाकीट मिळालं नाही, तर 1 लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे 6 सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ सढळ हाताने टाकू नकोस; लहान मुलाला ते अपायकारक ठरतं.

नळांचा हिशेबही वहीतच कर. मदतकार्याची किमान मानकं ठरवणारा ‘स्फिअर’ हा उपक्रम 1997 साली सुरू झाला. त्यात एका नळामागे 250 माणसं धरली आहेत. तो आकडा कुठून आला हे कळलं की वापरता येतो. नळाला मिनिटाला 7.5 लिटर पाणी येतं असं धर. 250 माणसांचे प्रत्येकी 15 लिटर म्हणजे 3750 लिटर, म्हणजे 500 मिनिटं, सव्वाआठ तासांच्या वर. तुमच्याकडे पाणी चारच तास येत असेल, तर तो नळ सव्वाशे माणसांपेक्षा कमी लोकांचा. कोणी ‘नियमाप्रमाणे आहे’ म्हणालं, की बादली आणि घड्याळ घेऊन नळाशी उभं राहा. संडासाचं माप 20 माणसांमागे एक, आणि सार्वजनिक असतील तर पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन. आतून कडी आणि रात्री दिवा नसेल, तर बायका अंधार पडल्यावर तिकडे फिरकत नाहीत आणि म्हणून दिवसभर पाणी कमी पितात. हे तक्रारवहीत कधी येत नाही; एखाद्या बाईने दुसऱ्या बाईला विचारलं तरच कळतं.

वाटपाचा दिवस सगळ्यात अवघड. आदल्या दिवशी घरटी यादी कर: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, तान्हं मूल आहे का, कोणी अंथरुणाला खिळलंय का. यादी एकट्याने करू नकोस; वस्तीतली दोन माणसं बरोबर घे, पण दोघं एकाच आळीची नकोत. प्रत्येक घराला आकड्याची चिठ्ठी दे आणि पुडक्यात काय काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहून लाव. एका घराला दीड मिनिट लागतं असं धर. 200 घरांना 300 मिनिटं, म्हणजे पाच तास. पाच तास उन्हात कोणाला उभं करायचं नाही. दोन टेबलं मांड, अडीच तासांत उरकेल. आत यायची वाट वेगळी, बाहेर जायची वेगळी, मध्ये दोरी. पुडकं 10-12 किलोच्या वर गेलं, तर म्हातारं माणूस ते उचलणार नाही. दोन भागांत बांध.

घरं 200 आणि पुडकी 180 असतील, तर सुरुवातच करू नकोस. ‘बघू, काही लोक येणार नाहीत’ हा हिशेब हमखास चुकतो, आणि शेवटच्या वीस घरांना जे वाटतं ते पुढच्या महिन्याभराच्या कामाला नडतं. उरलेली पुडकी येईपर्यंत थांब, नाहीतर सगळ्यांच्या देखत फोडून 200 वाटे कर. चालत्या गाडीतून काहीही फेकायचं नाही. धडधाकट माणसाच्या हाती पडतं, आणि पोरं चाकाखाली धावतात. संध्याकाळी वहीत तीनच आकडे: आले किती, गेले किती, शिल्लक किती. जमत नसतील तर त्याच रात्री शोध. सकाळी कोणालाच काही आठवत नाही.

लोकांशी बोलताना बसून बोल, ते ज्या उंचीवर बसलेत तेवढ्याच उंचीवर. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नकोस. होईल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं आणि त्यांना ते कळतं. काय घडलं ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस. सांगतील तेवढं ऐक, आणि आत्ता काय लागतं ते विचार. जे आपल्या हातात नाही ते ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी गाठ घालून दे. मुलांचे फोटो काढू नकोस, आईबापांनी हो म्हटलं तरी. मदत घेणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

निघायच्या दोन दिवस आधी पुढच्या माणसासाठी दोन पानं लिही: किल्ल्या कुठे, पावडरचे पुडे किती आणि कधी उघडलेले, कोणत्या घराला कशाचा शब्द दिलाय. शब्दांची यादी सोडू नकोस. परत आल्यावर सात दिवसांत पैशांचा हिशेब दे, पावत्या चिकटवून.

घरी आल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांची चिडचिड होते. नळाखाली वाहणारं पाणी बघवत नाही, उष्टं टाकणारा माणूस शत्रू वाटतो. घरच्यांना व्याख्यान देऊ नकोस, झोप काढ. नंतर एक साधा हिशेब मांड: आठवड्याला दोन तास, वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 104 तास. आठ तासांचे तेरा दिवस झाले, तुझ्या या तीन आठवड्यांच्या निम्म्याहून जास्त, आणि प्रवासाचा एक मिनिटही न घालवता. शेजारच्या आजारी माणसाला तपासणीला नेणं, कोणाचे अर्ज भरून देणं, असलं काम. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून माणसं मिळत नाहीत. रक्तदानाचंही तसंच. संकट आलं की एका दिवशी रांगा लागतात, पण प्लेटलेट्स साधारण 5 दिवस टिकतात आणि लाल पेशी 35 ते 42 दिवस. रांगेतल्या लोकांनी एकदम दिलेलं रक्त मुदतीत वापरलं गेलं नाही तर टाकावं लागतं, आणि दोन महिन्यांनी पेढी रिकामी असते. तू दोन महिन्यांनी जा.

निघायची तारीख कळव. गमबूट नवे असतील तर त्याआधी आठवडाभर रोज तासभर घालून चाल; टाच कुठे घासते ते इथेच कळू दे.