'ॲनॉमी'ला 'अराजक' म्हणावे का?

मुंबईच्या गिरणगावावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिचे वाक्य असे होते: "1982च्या संपानंतर लालबाग-परळमध्ये अराजक माजले आणि गुन्हेगारी वाढली." मार्गदर्शकांनी 'अराजक' खोडून 'ॲनॉमी' लिहिले आणि समासात "की सामाजिक विघटन?" असे विचारले. हे तीन शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि त्याच ओघात 'गुन्हा', 'अपराध', 'विचलन' यांतला फरक काय, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

तिन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत, आणि 'अराजक' तर इथे चूकच आहे. अराजक म्हणजे राजा नसणे, शासनाचा अंमल संपणे. 18 जानेवारी 1982 रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पण पोलीस ठाणी, कोर्टे, महापालिका, रेशनची दुकाने सगळे जागेवर होते. त्या काळात जे हरवले ते राज्य नव्हे.

घोटाळा होतो तो शब्दाच्या रचनेमुळे. ग्रीकमध्ये 'नोमोस' म्हणजे नियम, रीत. त्याला नकाराचा 'अ' लागला की 'ॲनॉमी'. 'अ' आणि 'राजा' या जोडीशी हे इतके मिळते, की भाषांतर करणारा हात आपोआप 'अराजक'कडे जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने हा शब्द 1893च्या श्रमविभागणीवरच्या ग्रंथात वापरला आणि 1897च्या आत्महत्येवरच्या ग्रंथात त्याला धार दिली. 1873मध्ये व्हिएन्नात आणि 1882मध्ये पॅरिसमध्ये शेअर बाजार कोसळल्यावर आत्महत्या वाढल्या, हे त्याने दाखवले. त्यात नवल वाटत नाही. महत्त्वाचे पुढे आहे: एकीकरणानंतर इटलीत उद्योग आणि पगार वाढत होते, तेव्हाही आत्महत्या वाढल्या. म्हणजे कारण गरिबी नाही. दुर्खेमच्या मते गरिबी उलट माणसाला आवरते. कोणी किती मिळवावे, किती मागावे, कुठे समाधान मानावे याची समाजाने घालून दिलेली मोजपट्टी तेजीत आणि मंदीत सारखीच निकामी होते. तिचे निकामी होणे म्हणजे ॲनॉमी. 'अराजक' लिहिले की तेजीचा हा अर्धा भाग वाचकाला दिसतच नाही.

मराठीत 'प्रमाणकशून्यता' आणि 'नियमविहीनता' हे शब्द त्यासाठी वापरतात. परीक्षेत तेच लिहा. पण 'शून्यता' जरा जास्त बोलते. नियम नाहीसे झालेले नसतात, ते माणसाच्या इच्छांना पुरे पडत नसतात. याच अर्थाचा जिवंत मराठी शब्द आहे 'धरबंध'. "खर्चाला धरबंध राहिला नाही", "बोलण्याला काही धरबंध?" असे आपण म्हणतो, तेव्हा आवर घालणारे काहीतरी ढिले पडले, एवढेच म्हणतो, पोलीस नव्हते असे म्हणत नाही. 'ताळतंत्र' जवळचा वाटेल, पण व्याकरण पाहा: ताळतंत्र कोणीतरी सोडतो, धरबंध सुटतो. पहिल्यात दोष माणसाच्या माथी जातो, दुसऱ्यात परिस्थितीच्या. दुर्खेमला दुसरे म्हणायचे आहे.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने 1938च्या निबंधात हाच शब्द घेतला आणि त्यात दुसरा अर्थ भरला. समाज सर्वांसमोर एकच ध्येय ठेवतो, पैसा आणि यश. तिथे पोचायचे सरळ मार्ग मात्र काहींनाच देतो. हा ताण म्हणजे मर्टनची ॲनॉमी. दुर्खेमकडे इच्छेला कुंपण नाही, मर्टनकडे मार्ग अडला आहे. 'धरबंध सुटणे' पहिल्याला चपखल बसते, दुसऱ्याला नाही. दुसऱ्यासाठी 'ध्येय आणि मार्ग यांतील तफावत' असे उघड लिहावे. मर्टनने माणसे या ताणाला देतात त्या प्रतिसादांचे पाच प्रकार सांगितले. त्यातल्या 'इनोव्हेशन'चे 'नावीन्य' किंवा 'नवोपक्रम' असे भाषांतर करू नका. ध्येय तेच ठेवून निषिद्ध मार्ग धरणे, असा तिथे अर्थ आहे आणि चोरी त्यात येते. 'आडमार्ग' लिहा.

आता 'सामाजिक विघटन'. हा अमेरिकेतल्या शिकागो शहराचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांचा शब्द. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांच्या 1942च्या अभ्यासात काही वस्त्यांतली बालगुन्हेगारी वर्षानुवर्षे जास्तच राहिली, जरी तिथे राहणारे समूह बदलत गेले. दोष त्यांनी रक्तात नव्हे, वस्तीत शोधला: दारिद्र्य, सतत येणीजाणी, सरमिसळ लोकवस्ती, त्यामुळे शेजाराची मुलांवर नजर न राहणे. म्हणून शब्द वापरण्याआधी पाहायचे ते वस्तीचे सांधे. गिरणगावाचे सांधे कोणते? खाणावळी, गावकऱ्यांच्या खोल्या, व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे, चाळीचा सामाईक व्हरांडा. पिढ्यान्पिढ्या त्याच चाळीत राहणारी कुटुंबे इथे भरपूर होती, त्यामुळे शिकागोची 'येणीजाणी' ही अट इथे सहज लागू होत नाही. पगार बंद पडल्यावर खाणावळ मोडली की मंडळही मोडले, हे दाखवता आले तरच 'विघटन' लिहा. मंडळ टिकले आणि फक्त त्याचा पैसा कुठून येतो ते बदलले, तर तो शब्द खोटा ठरतो. शिवाय मराठीत विघटन कचऱ्याचेही होते, त्यामुळे कुजल्याची छटा येते. मूळ शब्दात फक्त संघटन ढिले पडणे आहे. 'विसंघटन' अधिक नेमका, पण रुळलेला नाही.

उरलेले तीन शब्द. 'गुन्हा' फारसीतून आला. तिथे 'गुनाह' म्हणजे पापही. मराठीत तो कायद्याचा झाला: गुन्हा दाखल होतो, तो दखलपात्र किंवा अदखलपात्र असतो. 'अपराध' संस्कृत. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात नेम चुकलेल्या धनुर्धराला 'अपराद्धपृषत्क' म्हटले आहे, म्हणजे मुळात चुकणे. 'विचलन' हा समाजशास्त्राचा शब्द: समूहाच्या अपेक्षेपासून ढळणे. संख्याशास्त्रात 'प्रमाण विचलन' आहेच, म्हणून संदर्भ अस्पष्ट असेल तिथे 'विचलित वर्तन' असे पूर्ण लिहावे.

गुन्हा आणि विचलन यांची वर्तुळे एकमेकांवर पूर्ण बसत नाहीत. 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिण्याला परवाना लागतो. मुंबईत परवान्याशिवाय बिअर पिणारा गुन्हा करतो, पण त्याला कोणी ढळलेला मानत नाही. उलट, जातीबाहेर लग्न करणारी मुलगी कायद्याने निर्दोष आणि जातपंचायतीच्या नजरेत विचलित. तिला वाळीत टाकणारेच 2016च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हेगार. व्यभिचार सप्टेंबर 2018पर्यंत भारतीय दंड संहितेच्या कलम 497खाली गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. वर्तन तेच, फक्त एक वर्तुळ सरकले.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने 1963मध्ये मांडले ते हेच, की विचलन कृतीत नसते, समूहाने मारलेल्या शिक्क्यात असते. 'लेबलिंग'साठी 'शिक्का बसणे' याहून चांगला मराठी शब्द मला दिसत नाही. ब्रिटिशांच्या 1871च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः हा शिक्का मारला, तो 1952मध्ये निघाला. म्हणून 'गुन्हेगार जमाती' हे शब्द फक्त त्या कायद्याचे नाव म्हणून, अवतरणात लिहावेत, लोकांसाठी 'विमुक्त'.

आता मूळ वाक्य. दुर्खेम हवा असेल तर: "संपानंतर कष्ट आणि मिळकत यांची जुनी मोजपट्टी राहिली नाही, धरबंध सुटला." मर्टन हवा असेल तर: "शहराने दाखवलेले ध्येय तसेच राहिले, गिरणीचा मार्ग बंद झाला, आणि काही तरुणांनी आडमार्ग धरला." दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका, कुठले म्हणायचे ते मुलाखती वाचून ठरवा.