चौकटी कंसातला वर्ग

प्रश्न दोन आहेत. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (मजकुरात नमुने शोधायच्या सूत्रातल्या) ‘कॅरॅक्टर क्लास’ला, म्हणजे चौकटी कंसात दिलेल्या चिन्हांच्या गटाला, मराठीत काय म्हणावं? आणि प्रॉक्सीच्या (यंत्रं आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थ सर्व्हरच्या) नियमात १९२.१६८.१.[१०-२५] लिहिलं, तर १० ते २५ एवढ्याच यंत्रांना वाट मिळेल ना?

पहिल्याचं उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे: वर्ग. क, ख, ग, घ, ङ हा कवर्ग. युनिकोडमध्ये (संगणकाच्या जागतिक अक्षरसूचीत) हे पाच ओळीने बसवलेत, त्यामुळे [क-ङ] म्हणजे कवर्गातला कोणताही एक वर्ण. [क-ह] लिहिलंत तर ळसुद्धा येतो. क्ष, ज्ञ मात्र येत नाहीत, कारण ती जोडाक्षरं. मात्राही बाहेरच. गणितवाले ‘संच’ म्हणतील, त्यालाही हरकत नाही.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. कंस कितीही लांब असो, तो एकाच चिन्हाची जागा भरतो. त्याला दहा-पंचवीस कळत नाहीत, सुटे अंक कळतात. [१०-२५] म्हणजे १, मग ० ते २, मग ५. थोडक्यात ०, १, २, ५ यांपैकी एक. पंचाईत अशी, की हा नियम १२ला आत घेतो आणि ३०ला अडवतो, त्यामुळे वरवरच्या चाचणीत बिनबोभाट पास होतो. पण शेवट $ने बांधलेला नसल्यामुळे ५, १५०, २५४ हेही आत शिरतात.

नियमात नुसता पत्ता तपासायचा असेल, तर असं लिहावं (फाइलमध्ये आकडे अर्थात इंग्रजी):

^१९२\.१६८\.१\.(१[०-९]|२[०-५])$

बिंदूआधीची तिरपी रेघ गाळू नका. कंसाबाहेरचा उघडा बिंदू कोणत्याही चिन्हाला चालतो. कंसात मात्र तो साधा बिंदूच असतो. ^ची तऱ्हाही तशीच. इथे त्याचा अर्थ ‘सुरुवात’, पण [^०-९] मध्ये ‘अंक सोडून दुसरं कोणतंही एक चिन्ह’.

खरं तर पत्त्यांच्या टप्प्यासाठी ही कसरत करूच नये. प्रॉक्सीत पत्त्यांचा टप्पा थेट देण्याची सोय असेल तर तीच वापरावी. वर्ग शोभतात ते यूआरएल (वेबपत्ते) आणि लॉग (सर्व्हरच्या नोंदी) चाळताना. तिथेही एक मेख आहे: पायथन ३मध्ये तिरपी रेघ आणि डी (\d) हा तयार अंकवर्ग देवनागरी १२लाही अंक मानतो, इंग्रजी शून्य ते नऊचा कंस मानत नाही. लॉगच्या गाळणीत मी कंसच लिहितो.