वाचकांचे प्रश्न : कंदील घेतलेल्या येशूचे चित्र

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या पेटीत काचेच्या चौकटीतले एक रंगीत चित्र सापडले. हातात कंदील घेतलेला येशू रात्रीच्या वेळी बंद दारावर थाप देतो आहे. हे हाताने रंगवलेले असेल का? कागदावर डाग पडले आहेत. पुसून लॅमिनेट करून घ्यावे का?
– एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : लॅमिनेशनचा विचार कृपया सोडून द्यावा. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक जुन्या कागदावरून धडपणे निघत नाही, आणि ओल्या फडक्याने डाग अधिकच पसरतो.

आपण सांगितलेला प्रसंग विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराच्या ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ या चित्रातला दिसतो. १८५१ ते १८५३ या काळात रंगवलेले मूळ तैलचित्र ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात आहे. त्यातल्या दाराशी तण माजले आहे आणि दाराला बाहेरून कडी किंवा मूठ नाही, कारण ते आतूनच उघडायचे आहे. आपल्या चित्रातही हे जरूर पाहावे. या चित्राच्या छापील प्रती घरोघरी पोहोचल्या, त्यामुळे आपल्याकडेही छापील प्रतच असण्याचा संभव अधिक.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडचे भिंग लावून चेहरा व कंदिलाचा उजेड न्याहाळावा. कुंचल्याचे सलग फटकारे दिसले तर चित्र हाताचे. बारीक ठिपके आखीव रांगांत दिसले, तर छपाई बरीच अलीकडची. ठिपके लहानमोठे, विस्कळीत असून रंगांवर रंग चढलेले असतील, तर तो क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडांवरून रंगीत छापलेले चित्र, समजावा. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षी, १८३७ मध्ये, एंगेलमान या मुद्रकाने फ्रान्समध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. तीत प्रत्येक रंगासाठी चुनखडीचा वेगळा दगड लागे आणि तोच कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा छापला जाई. कागद केसभर सरकला तरी कडेला एखाद्या रंगाची रेघ बाहेर डोकावते. राजा रविवर्मा यांच्या १८९४ च्या मुंबईतील छापखान्यातून निघालेली देवादिकांची चित्रेही याच पद्धतीची होती. छापील म्हणून अशा चित्राला कमी लेखू नये. त्यामागे कसबी कारागिरांची मेहनत आहे.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या मातीच्या भिंतीवर किंवा उन्हाच्या तिरिपेत ते टांगू नये, वाळवीचा माग अधूनमधून पाहावा आणि कागद काचेला टेकू देऊ नये. नव्या चौकटीत बसवताना खालची कोरी कड मात्र कापू देऊ नये, कारण छापखान्याचे नाव असलेच तर ते बहुधा तिथेच असते.