ऑनलाइन ट्रेनिंग कोर्समध्ये इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ कसे टाकायचे आणि त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की लोक कोर्समधला व्हिडिओ चालू करतात, दुसऱ्या टॅबमध्ये आपलं काम करत बसतात आणि शेवटी 'पूर्ण' म्हणून हिरवी टिक येतेच, तर व्हिडिओमध्येच प्रश्न टाकायला कोणतं टूल घ्यावं. टूल सांगतो, पण खरं सांगू का, ते यातलं सगळ्यात सोपं काम आहे. मी असेच ट्रेनिंगचे कोर्स बनवतो, आणि प्रश्न कशाने टाकला यापेक्षा नेमका कुठे टाकला यावरच सगळं अवलंबून असतं असं माझं मत आहे.

आधी टूलचं उरकून टाकतो. एच५पी बघा. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, आणि त्यात 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' असा वेगळा प्रकारच आहे. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर २०२० मध्ये आलेल्या ३.९ आवृत्तीपासून एच५पी अ‍ॅक्टिव्हिटी मूडलमध्येच मिळते, वर्डप्रेसवर कोर्स असेल तर प्लगइन आहे. तुमचा एलएमएस, म्हणजे कोर्स जिथे चालतो ती सिस्टिम, फक्त स्कॉर्म (कोर्स पॅक करून चढवायचा ठरलेला फॉरमॅट) घेत असेल तर ल्युमी नावाचं डेस्कटॉप अ‍ॅप मिळतं, त्यात एच५पी बनवून स्कॉर्म पॅकेज काढता येतं. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट वगैरे पैशाची सॉफ्टवेअर आहेत, चांगली आहेत, पण नुसते व्हिडिओत प्रश्न टाकायला एवढा खर्च करू नका.

करायचं काय, तर व्हिडिओ अपलोड करायचा किंवा यूट्यूबची लिंक द्यायची, हव्या त्या सेकंदाला थांबायचं आणि वरच्या पट्टीतून प्रश्नाचा प्रकार ओढून व्हिडिओवर सोडायचा. प्रत्येक प्रश्नाच्या सेटिंगमध्ये 'पॉज व्हिडिओ' असा एक चौकोन असतो त्यावर टिक करायला विसरू नका, नाहीतर प्रश्न येतो, व्हिडिओ आपला पुढे चालूच राहतो आणि वाचून होईपर्यंत प्रश्न गायब.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक कोर्समध्ये काय करतात, तर अग्निशामकाच्या व्हिडिओत सांगितलं की "नळकांड्याचा रोख आगीच्या बुडाशी ठेवा" आणि पाच सेकंदांनी प्रश्न, "रोख कुठे ठेवावा?" याला उत्तर द्यायला डोकं लागत नाही हो, कान उघडा असला तरी पुरे. तोच अग्निशामक वापरायचा व्हिडिओ घ्या. माणसाने पिन काढली, नळी हातात घेतली, समोर कचऱ्याचा डबा पेटलेला आहे, आणि इथेच थांबवा, रोख धरायच्या आधी. पर्याय द्या: ज्वाळांच्या टोकावर, ज्वाळांच्या मध्यावर, आगीच्या बुडाशी. ज्याला माहीत नाही तो बहुतेक ज्वाळांवरच बोट ठेवणार, कारण डोळ्यांना तीच दिसते. एच५पीमध्ये अ‍ॅडॅप्टिव्हिटी नावाची सोय आहे, तिथे चुकीच्या उत्तराला व्हिडिओतली एक वेळ ठरवून देता येते, म्हणजे चुकला की व्हिडिओ थेट त्या तुकड्यावर जातो जिथे ज्वाळांवर मारा केला तरी खाली आग तशीच जळत राहिलेली दिसते, आणि मग तो परत प्रश्नावर येतो. बरोबर आलेला सरळ पुढे. 'चूक! पुन्हा प्रयत्न करा' असं लाल अक्षरात दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण का चुकलं ते त्याला डोळ्यांनी दिसतं.

उपयोग होतो का विचाराल तर होतो. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं एक व्हिडिओ लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली त्यांना मध्येच विचारलं तेव्हा मन भरकटलंय असं १९ टक्के वेळा निघालं, ज्यांना दिली नव्हती त्यांच्यात ४१ टक्के. दुसरं म्हणजे एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्समधल्या ६९ लाख व्हिडिओ सेशनचा अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत असं दिसलं. म्हणजे तासाभराच्या रेकॉर्डिंगवर वीस प्रश्न चिकटवून काही होणार नाही, आधी कापा. सहा मिनिटांच्या तुकड्याला दोन, फार तर तीन प्रश्न खूप झाले, दर तीस सेकंदाला अडवलं तर माणूस वैतागून काहीही टिचकी मारत सुटतो.

व्हिडिओ पुढे सरकवायला बंदी घालायचं सेटिंगही आहे. कायद्याने पूर्ण बघायलाच हवा असा कोर्स असेल तर ठेवा, बाकी ठिकाणी मी ते सेटिंग बंदच ठेवतो. ज्याला दुसऱ्यांदा फक्त एकच गोष्ट बघायचीय त्याला सगळं परत बघायला लावणं म्हणजे शिक्षा आहे, आणि ज्याला बघायचंच नाही तो तसाही आवाज बंद करून चहाला जातो.

यूट्यूबची लिंक सोपी पडते पण व्हिडिओ कोणी काढला किंवा प्रायव्हेट केला की तुमचा कोर्स मेला, शिवाय पुष्कळ ऑफिसांत यूट्यूब ब्लॉक असतं. शक्यतो स्वतःची एमपी४ फाइल ठेवा, एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमधली, ती जवळपास सगळीकडे चालते. फाइल चढतच नसेल तर घाबरू नका, मूडल, वर्डप्रेस ज्यावर चालतात त्या पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात फक्त २ एमबी असते, सर्व्हर सांभाळणाऱ्याला ती वाढवायला सांगा.

मार्कांचं एक. एच५पीच्या व्हिडिओत शेवटी सबमिट स्क्रीन येते, तिथलं बटण दाबलं नाही तर मार्क पोचत नाहीत आणि मग "मी तर सगळं केलं, झीरो कसा?" अशा मेलचा पाऊस पडतो, तेव्हा शेवटच्या दहा सेकंदांत मोठ्या अक्षरात लिहाच. आणि स्कॉर्म १.२ वर असाल तर 'जिथे सोडलं तिथून पुढे' ही माहिती साठवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते, खूप प्रश्नांचा एकच मोठा कोर्स केला तर ती भरते आणि लोक परत पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून छोटे मॉड्यूल करा.

ओढून जागेवर ठेवायचे प्रश्न फोनवर फार त्रास देतात, सिंगल चॉइस, म्हणजे एकच पर्याय निवडायचे, बरे. सबटायटल वेबव्हीटीटी नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलने जोडता येतात, जरूर जोडा, ऑफिसात पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

महिनाभराने रिपोर्ट उघडून बघा. एकाच प्रश्नावर सगळे पडत असतील तर लोक मठ्ठ आहेत असं समजू नका, एकतर प्रश्न गोंधळाचा आहे किंवा व्हिडिओचा तो भाग नीट समजावलेला नाही, तेवढाच परत शूट करा. आणि शूट करताय तर जिथे प्रश्न यायचाय तिथे बोलणाऱ्याला दोन सेकंद गप्प उभं राहायला सांगा, नाहीतर व्हिडिओ बरोबर त्याचं तोंड अर्धवट उघडं आणि डोळे मिटलेले असताना थांबतो आणि लोक प्रश्न सोडून त्याचा स्क्रीनशॉट काढत बसतात.