टर्बो नवा, तरी चढणीला गाडी दम का सोडते?

प्रश्न : माझी २०१४ सालची डिझेल गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. टर्बोचा शाफ्ट सैल होऊन ऑइल फेकू लागल्यामुळे मी नवा टर्बो बसवून घेतला. तरीही निपाणीहून बेळगावला जाताना तवंदी घाटात चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पिकअप एकदम जातो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक चालते. स्कॅनरवर दर वेळी पी ०२९९ हाच कोड येतो. मेस्त्री म्हणतात, नवा टर्बोच खराब निघाला, दुसरा मागवू. मागवावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : इतक्यात मागवू नका. पी ०२९९ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या संगणकाने टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून) जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा त्याला मिळालेला दिसला नाही. तो का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. सपाट रस्त्यावर मागणीच कमी असते, म्हणून दोष झाकला जातो. घाटात वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की मागणी वाढते, तूट उघडी पडते आणि संगणक इंजिनाच्या बचावासाठी ताकद कमी करतो. त्यामुळे गॅरेजच्या दारात गाडी रेस करून केलेली तपासणी फारशी उपयोगाची नाही. स्कॅनर जोडून, चालवणारा एक आणि आकडे पाहणारा दुसरा असे दोघे घाटात जा आणि मागितलेला दाब व प्रत्यक्ष दाब हे दोन्ही आकडे चढणभर नोंदवा.

त्याआधी एक फुकटची चाचणी करा. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा पाहा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने तेथे तो ९२–९३ किलोपास्कलच्या आसपास हवा. पुस्तकात १०१ लिहिलेले असते, पण तो समुद्रकाठचा आकडा आहे; त्यावरून आपल्याकडचा चांगला सेन्सर बाद ठरवू नये. आकडा बराच खाली असेल, तर सेन्सर काढून त्याचे तोंड पाहा. जुन्या टर्बोने फेकलेले ऑइल आणि ईजीआरची (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी मिळून तेथे डांबरासारखा थर बसतो. तो स्प्रेने धुवावा, टाचणीने कोरू नये.

आपल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय मात्र टर्बोच्या नियंत्रणासाठी व्हॅक्यूम (हवा खेचून केलेली पोकळी) पोहोचवणाऱ्या बारीक रबरी नळीवर आहे. टर्बो बदलताना ती ओढली जाते, आणि दहा वर्षे उष्णतेत कडक झालेली नळी नेमकी टोकाशी चिरते. आपल्या गाडीच्या टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) व्हॅक्यूमवर चालणारा असेल, तर त्याला काटा असलेला हातपंप लावून तो व्हॅक्यूम रोखून धरतो का आणि रॉड न अडखळता सरकतो का, हे पाहावे. काटा हळूहळू उतरत असेल, तर अ‍ॅक्च्युएटरचा पडदा गळतो आहे. अ‍ॅक्च्युएटर टिकला, पण गाडीच्या नळ्या व सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह) जोडल्यावर व्हॅक्यूम टिकत नसेल, तर गळती तिकडे आहे.

तेथे काही सापडले नाही, तर इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे आणि तिच्या होज पाइपांकडे, वळावे. होज पाइपची चीर थंड इंजिनावर मिटलेली असते आणि दाब वाढला की उघडते. तिच्याभोवती ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग दिसतो. घाटात प्रत्यक्ष दाब आधी मागणीबरोबर चढून मग एकदम कोसळत असेल, तर चीर किंवा सुटणारी क्लिप धरावी. तो सुरुवातीपासूनच मागे रेंगाळत असेल, तर व्हॅक्यूम किंवा अ‍ॅक्च्युएटर. खात्रीसाठी धूर सोडून तपासणी करून घ्यावी. इंटरकूलरमध्ये साचलेले जुने ऑइल काढले होते का, हेही मेस्त्रींना विचारावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटपाशी काजळीची रेघ असेल, तर टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच गॅस निसटतो आहे. ईजीआर बंद करून टाका, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

हे सर्व निर्दोष निघाले, तरच नव्या टर्बोवर बोट ठेवता येईल. तेव्हा घाटातल्या नोंदीची प्रत विक्रेत्याला द्या आणि वॉरंटीत बदल मागा. बदली टर्बो बसवण्यापूर्वी ऑइल पुरवणारी नळी नवी घाला, कारण कार्बनने अरुंद झालेली जुनी नळी तोही टर्बो खाईल.